साहाय्यक, पण दुय्यम नव्हे

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकातील भूमिका वाटल्या की दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. राजाचे काम न मिळालेला मुलगा रुसतो आणि संध्याकाळी त्याचे वडील दारात उभे राहतात. "गुरुजी, आमच्या पोराले सिपायाचंच काम देल्लं जी?" अशा वेळी मला सदाशिव अमरापूरकर आठवतात.

पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या मुलखात घरात मराठी बोलतात आणि सिनेमा हिंदी पाहतात. त्यामुळे अमरापूरकर आपल्याला भेटले ते हिंदी पडद्यावरील खलनायक म्हणून. ते मराठी रंगभूमीवर घडलेले नट आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नव्हते. ११ मे १९५० रोजी नगर जिल्ह्यात जन्मलेल्या या नटाचे मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. '२२ जून १८९७' (१९७९) या मराठी चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते. 'हॅन्ड्स अप' या नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिले आणि 'अर्धसत्य' (१९८३) मधील रामा शेट्टी त्यांच्याकडे आला.

हा चित्रपट ओम पुरींच्या अनंत वेलणकराचा. रामा शेट्टीला प्रसंग मोजकेच आहेत. पण त्या काळचे खलनायक गर्जना करीत असताना हा घरच्या ओसरीवर बसावे तसा निवांत बसतो. त्याच्या त्या निवांतपणापुढे वेलणकराची वर्दी केविलवाणी होते. शेट्टी किरकोळ वाटला असता, तर वेलणकराची शोकांतिकाही किरकोळ ठरली असती. साहाय्यक नटाचे काम हेच : नायकाचे वजन तोलायला समोरचे पारडे भक्कम ठेवणे. त्याबद्दल त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले.

पुढे 'सडक' (१९९१) मधील महाराणी गाजली. खलभूमिकेसाठी फिल्मफेअरने नव्याने सुरू केलेले पारितोषिक पहिल्यांदा त्यांनाच लाभले. ती भूमिका धाडसाची, यात शंका नाही. तरी मी शेट्टीला वरचे स्थान देतो. महाराणी सारखी स्वतःकडे लक्ष वेधते. शिवाय तृतीयपंथी माणसाला केवळ भीतीचे रूप देणे आज खटकते. नंतर हिंदीने त्यांना लकबींत अडकवले. 'आँखें' (१९९३), 'इश्क' (१९९७) यांत ते हसवतात, पण त्यांच्या मगदुराचे काम तेथे फारसे नाही.

त्याच सुमारास मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'दोघी' (१९९५) आला. संकटात बुडालेल्या घरातील थोरल्या मुलीला मुंबईची वाट दाखवणारा मामा त्यांनी उभा केला. येथे ना अड्डा, ना अक्राळविक्राळ हसू. अनर्थ आप्ताच्या पावलांनी घरात येतो, आणि म्हणूनच अधिक झोंबतो.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी अमरापूरकर गेले. हिंदी प्रेक्षकांना त्यांचा मामा ठाऊक नाही, मराठीतल्या कित्येकांनी शेट्टीकडे 'हिंदीतला' म्हणून पाहिले. दोन्ही भाषा कानांत असलेल्या आपल्यासारख्यांना मात्र हा नट पुरता दिसू शकतो. या सुटीत दोन्ही चित्रपट मोठ्या मुलांबरोबर बसून पाहावेत.

दारात उभ्या असलेल्या त्या वडिलांना मी एवढेच सांगतो : "दादा, शिपाई नीट वाकला नाही, तर तो राजा आहे हे लोकांना कळणार कसे?"