आकृती प्रमाण, फाइल मात्र बंदिस्त

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्याला मोठ्या कंपनीकडून माल पुरवण्याचे शेड्यूल येते, माल रवाना होतो, तिकडे माल पोहोचल्याची नोंद म्हणजे जीआरएन निघतो, नापास मालाची डेबिट नोट परत येते. दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरनी हा व्यवहार परस्पर उरकावा, हेच सेवाधारित रचनेचे आश्वासन होते. त्यासाठी कोणी काय पाठवायचे आणि कधी, हे दोघांनाही वाचता येईल अशा प्रमाण आकृतीत लिहिलेले हवे. अशा आकृतिभाषांची उणीव नाही. ओएमजी या मानकसंस्थेने सॉफ्टवेअर-रचनेची यूएमएल 1997 मध्ये स्वीकारली, व्यवसाय-प्रक्रियांसाठीच्या बीपीएमएनची 2.0 आवृत्ती 2011 मध्ये आली, खास सेवांसाठीची सोएएमएल 2012 मध्ये. सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी ही नावे माहितीपत्रकांत आनंदाने छापली. पण त्यांनी स्वीकारल्या त्या चौकटी आणि बाण. त्यांमागचे बंधन बहुतेकांनी स्वीकारले नाही, कारण चुकीची फाइल नाकारणारे कोणी नव्हते.

बीपीईएलचा इतिहास याची साक्ष देतो. ही आकृती नव्हे, प्रत्यक्ष चालणारी प्रक्रियाभाषा. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी ती 2002 मध्ये पुढे आणली, 2007 मध्ये ओॲसिस या मानकसंस्थेने तिची 2.0 आवृत्ती प्रमाण ठरवली. तरीही ओरॅकलने प्रक्रियेच्या आतच जावा कोड लिहिण्याची स्वतःची सोय दिली, आयबीएमनेही आपली दिली. ती सोय वापरली की फाइलवर नाव प्रमाणभाषेचे राही आणि ती चाले एकाच घरी. सोएएमएलची गत आणखी वाईट. ती यूएमएलवर बेतलेली. आयबीएमच्या रॅशनलपासून मोडेलिओपर्यंत काही साधनांनी तिला जागा दिली, पण तिच्यातला सेवा-करार बहुतेक ठिकाणी दस्तऐवजातच राहिला. बीपीएमएनला 2.0 मध्ये निश्चित फाइलस्वरूप मिळाले, 2013 मध्ये ती आयएसओ मानक झाली. तरीसुद्धा एका साधनातली आकृती दुसऱ्यात नीट उघडते का, हे तपासायला ओएमजीमध्ये वेगळा गट नेमावा लागला. ही विद्या आपल्याकडे परकी नाही, म्हणून हे अधिक खटकते: टीसीएसच्या पुण्यातल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मॉडेलमधून सॉफ्टवेअर घडवण्याचे संशोधन दीर्घकाळ झाले, आणि मॉडेल-रूपांतराच्या क्यूव्हीटी मानकाच्या प्रस्तावकांत टीसीएस होती.

याउलट जीएसटीचे ई-इनव्हॉइस पाहा. ऑक्टोबर 2020 मध्ये ते 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाले, ऑगस्ट 2023 पर्यंत मर्यादा 5 कोटींवर आली. ठरलेल्या साच्यात न बसणारे बिल पोर्टल परत पाठवते, आयआरएन हा बिलाचा संदर्भ क्रमांक देत नाही. त्यामुळे बलाढ्य ईआरपीपासून गल्लीतल्या हिशेबाच्या पॅकेजपर्यंत सर्वांनी तोच साचा मुकाट्याने पाळला. अर्थात तो फक्त बिलाचा साचा आहे. शेड्यूल बदलल्यावर आधीच निघालेल्या मालाचे काय, हे त्यात नाही. वाळूज-चिकलठाण्यातल्या पुरवठादाराचे पैसे नेमके तिथेच अडकतात.

विक्रेते म्हणतात, मानक मंद गतीने बदलते, ग्राहकाच्या गरजा थांबत नाहीत, म्हणून भर घालावी लागते. हे खरे आहे. पण भर वेगळी दाखवता येते आणि ती काढल्यावर मूळ फाइल दुसरीकडे चालली पाहिजे, एवढी अट कोणत्याही नव्या सोयीच्या आड येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आता आकृत्या काढतो कोण, सेवेला हाक कशी मारायची हे सांगणारे ओपनएपीआयचे वर्णन पुरे. मात्र ते एका सेवेचे दार कसे उघडते, एवढेच नेमके सांगते. दोन कंपन्यांमधल्या पाठोपाठच्या पावलांचा क्रम, मुदत आणि नकाराची जबाबदारी त्यात मांडलेली नसते. सोएएमएल मागे पडली, तिचा प्रश्न मागे पडलेला नाही.

हा प्रश्न सोडवायची ताकद विक्रेत्यापेक्षा खरेदीदाराकडे अधिक आहे. एकटा लघुउद्योजक मोठ्या विक्रेत्याला अट घालू शकत नाही; सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या संघटना घालू शकतात. शेड्यूल ते डेबिट नोट या एकाच प्रवासाची बीपीएमएन फाइल त्यांनी सामाईक ठरवावी, ती दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या साधनांत उघडून, चालवून पाहावी, आणि ही चाचणी उतरली तरच सॉफ्टवेअरचा शेवटचा हप्ता द्यायचा, असे कलम सभासदांच्या खरेदी-करारात घालावे.