तेरेसाचा किल्ला आणि टोलेडोचं रक्त

जागतिक धर्मांचा पेपर घेतला तेव्हा मित्र म्हणाले, काय रे, चर्चची वाट धरलीस का? नाही बाबा. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं ते धर्म पारखत होते. आपणही पारखायला शिकावं, एवढंच.

तेव्हा माझं भांडण पेपराशी नाही, तो शिकवतात कसा त्याच्याशी आहे. ख्रिस्ती अध्यात्मात आम्हाला संत तेरेसा होती. स्पेनमधल्या आविलाची, जन्म १५१५. तिचा ‘अंतरीचा किल्ला’ १५७७ चा. आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, त्यात सात दालनं, सगळ्यात आत देव. बाई लिहिते झकास. मध्येच रेशमाचा किडा, पाणी, बाहेरच्या दालनांत शिरलेले साप-पाली. मी अडाणी बाई, असं म्हणत पंडितांना गप्प करते. वर्गात मात्र आम्ही नुसती दालनं मोजत बसलो.

किल्ल्याबाहेर काय चाललं होतं? तेरेसाचे आजोबा टोलेडोचे व्यापारी, ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेले. धर्म बदलला तरी रक्त तेच, असं म्हणणारे तिथंही होते. टोलेडोत १४४९ सालीच हुकूम निघाला होता की ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना शहरात अधिकाराची जागा नाही. असल्या कायद्यांना पुढं नाव पडलं ‘रक्तशुद्धी’. शब्द ओळखीचा वाटतो ना? १४८५ साली धर्मन्यायालयानं आजोबांच्या अंगावर पिवळा झगा चढवून त्यांना चर्चा-चर्चांतून फिरवलं. मग कुटुंब आविलाला गेलं. पुढं मुलांनी कोर्टात भांडून कुलीनपणाचा कागद मिळवला.

आणि नातीनं किल्ला लिहायला घेतला तो त्याच टोलेडोत! जिथं शिरताना कुणी कूळ विचारत नाही अशी जागा तिनं माणसाच्या आत बांधली, असं मी वाचतो. याच शहरात मठ काढताना तिनं बड्या घराण्यांची नाराजी पत्करून एका व्यापारी घराचा पैसा घेतला होता. आत्मचरित्रात मात्र आजोबांच्या त्या शिक्षेबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आपल्यातल्या आडनाव बदललेल्या माणसांना ही चुप्पी समजावून सांगायला नको. कोर्टाचे कागद १९४६ साली उजेडात आले. तरी वर्गात त्याचा उल्लेख नाही.

बुद्धाचंही तेच केलं. हस्टन स्मिथच्या १९५८ च्या गाजलेल्या पुस्तकात म्हातारा, रोगी, प्रेत, संन्यासी ही चार दृश्यं आहेत, तीच वर्गात आली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ १९५७ साली छापून आला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सरळ विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता काय? त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं युद्ध पेटू नये म्हणून. पाण्याचं भांडण आहे हे, दोस्तांनो! चवदार तळ्यावर गेलेल्या माणसानं लिहिलेलं. म्हातारपण बघून घाबरलेला राजपुत्र परीक्षेला चालतो, पाण्यासाठी संघाशी वाद घालणारा चालत नाही.

पुढल्या वर्षी ज्यांनी हा पेपर घेतलाय त्यांनी माझ्या वह्या न्याव्यात. सात दालनांची टिपणं पुढं आहेत, टोलेडोची मागच्या पानांवर.