थकवा : व्यभिचारी आणि स्थायी

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भावांची गणना आहे. त्यांपैकी ग्लानी, श्रम, आलस्य, निद्रा, सुप्त, विबोध आणि व्याधी यांचा संबंध सरळ देहाच्या शिणाशी व झोपेशी पोहोचतो. ग्लानीची कारणे सांगताना व्याधी, उपवास, वाटचाल, भूक आणि तहान यांच्या पंक्तीला भरताने निद्राच्छेदही बसविला आहे. क्षीण झालेली वाणी आणि मंद पडणारी पावले ही तिची लक्षणेही नोंदविली आहेत. निरीक्षण इतके सूक्ष्म असले तरी शास्त्राने या भावांची पायरी ठरवून दिली आहे. ते येतात, स्थायी भावाला पोषक ठरतात आणि ओसरतात. कामसूत्रातील दहा कामदशांमध्ये निद्राच्छेद चौथा येतो. तोही प्रियजनाच्या ध्यासातील एक टप्पाच होय. न ओसरणारा थकवा आणि कोणाचीही वाट न पाहणारी जाग यांना या व्यवस्थेत घर नाही.

रजोनिवृत्तीनंतर असंख्य स्त्रियांच्या वाट्याला येणारी अवस्था नेमकी हीच असते. आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षानंतर आणि क्षय पन्नाशीच्या सुमारास, असा क्रम सुश्रुतसंहितेने सांगितला आहे. म्हणजे शरीराची ही गती प्राचीनांना परिचित होती. अंडाशयातील संप्रेरके घटत गेल्यावर रात्री अंगातून उष्णतेची लाट उसळते, घामाने जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, हे आजचे वैद्यक जाणते. काहींच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे चालते. सकाळी उठावे तो कालचा थकवा तसाच शिल्लक असतो. त्याच्याशी जुळवून घेत संसार आणि नोकरी निभावणे हा ज्यांचा नित्याचा उद्योग आहे, त्यांच्या या अनुभवाला वाङ्मयात कोणते रूप लाभले, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

मराठीपुरते पाहिले तर भाषेचीच अडचण प्रथम जाणवते. शीण उतरतो, थकवा जातो, मरगळ झटकली जाते. उतरण्याच्या आणि जाण्याच्या क्रियापदांशीच या नामांची सोयरीक आहे. फ्रेंच वैद्य गार्दान याने १८२१ मध्ये रूढ केलेल्या युरोपीय संज्ञेत केवळ मासिक चक्राचा विराम आहे. ‘रजोनिवृत्ती’ या प्रतिशब्दातील निवृत्तीचाही मूळ अर्थ थांबणे हाच. परंतु मराठी कानाला ती नोकरीतील निवृत्तीसारखी विसाव्याची ग्वाही देते. घरगुती बोलीतील ‘पाळी गेली’ हा प्रयोग तर कटकट संपल्याचाच भाव सुचवितो. ‘बाहेर बसण्या’तून सुटका झालेल्या पिढ्यांना तो दिलासा खराच होता. मात्र सुटकेच्या त्या समाधानापुढे नव्या तक्रारीला तोंड फुटणे कठीण झाले.

त्यातच स्त्रीच्या जागण्याला सद्गुणाची प्रतिष्ठा मिळाली. सर्वांमागून निजावे आणि सर्वांआधी उठावे, हा गृहिणीधर्म मानला गेला. जात्यावरच्या ओव्यांचे अमाप धन पहाटेच्या या जागेपणातूनच निर्माण झाले. मुलाच्या उशाशी जागणारी माता आणि विरहाने तळमळणारी नायिका या दोन मूर्ती भारतीय वाङ्मयाने मनःपूर्वक घडविल्या. कारणावाचून जागी असलेली प्रौढा मात्र या दोहोंच्या मध्ये दिसेनाशी झाली. जिने झोपावे अशी कोणाची अपेक्षाच नाही, तिची झोप उडाल्याचे कळणार कोणाला?

या पार्श्वभूमीवर दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत : व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) आणि महाश्वेता देवी यांची बंगाली ‘हजार चुराशिर मा’ (१९७४). रजोनिवृत्ती हा दोहोंचाही उघड विषय नाही. तथापि दोन्हींच्या नायिका पन्नाशी ओलांडलेल्या आहेत, दोन्हींचे कथानक एका दिवसात सामावते, दोन्हींवर एका तरुणाच्या मृत्यूची छाया आहे आणि दोन्हींचा शेवट घरातील समारंभात होतो.

क्लॅरिसा डॅलोवे नुकतीच बावन्नाव्या वर्षात शिरली आहे. आजारानंतर तिची झोप मोडू नये म्हणून माळ्यावरच्या खोलीत तिची अरुंद शय्या वेगळी केलेली आहे. झोप नीट लागत नसल्याने ती रात्री उशिरापर्यंत मार्बोच्या आठवणींतील मॉस्कोच्या माघारीचे वर्णन वाचीत पडते. दुपारच्या भोजनानंतर तासभर विश्रांती घ्यावी, असे डॉक्टरांनी कधी काळी सांगितलेले आहे आणि पती ते श्रद्धेने पाळवून घेतो. सोय आहे, काळजीही आहे. परंतु विश्रांती येथे दुसऱ्याने फर्मावलेली आहे. याच कादंबरीत सेप्टिमसवर डॉक्टर सक्तीची विश्रांती लादू पाहतात आणि तिच्यातून सुटण्यासाठी तो मरण पत्करतो. हा समांतर धागा ध्यानात घेतला म्हणजे क्लॅरिसाची दुपारची निजही निरुपद्रवी वाटत नाही.

सुजाता चटर्जी बँकेत नोकरी करते. मुलाच्या, व्रतीच्या, जन्मदिनी आणि मृत्युदिनी, मुलीच्या वाङ्निश्चयाची तयारी चाललेल्या घरात, पोटातील कळ सोशीत ती दिवसभर वावरते. तिच्याजवळ माळ्यावरची खोली नाही; काम आणि मौन एवढेच तिचे उपाय. अखेरीस ती कोसळते, तेव्हा आंत्रपुच्छ फुटल्याचे पती ओरडून सांगतो. घराने तिच्या देहाची दखल घेतली ती या क्षणी.

क्लॅरिसाच्या शय्येत शवपेटिकेची सूचना आणि सुजाताच्या कळेत पुत्रशोक पाहण्याकडे समीक्षकाचे मन सहज वळते. त्याला संहितेचा आधारही आहे. सुजाताची वेदना प्रसूतिवेदनेच्या आठवणीत मिसळूनच येते. दोष प्रतीक पाहण्यात नाही, केवळ प्रतीक पाहण्यात आहे. घरातील माणसे ‘वय झाले’ म्हणून थकवा निकालात काढतात आणि रक्तक्षय वा कंठग्रंथीचा विकार त्याखाली खुशाल दडून राहतो. समीक्षक ‘दुःखाचे प्रतीक’ म्हणून तोच थकवा निकालात काढतो. दोहोंच्या बोलण्यात देह ऐकू येत नाही. आजाराला प्रेमाच्या वा युद्धाच्या तोलाचा वाङ्मयविषय का मानले गेले नाही, हा प्रश्न वुल्फ यांनीच १९२६ च्या एका निबंधात उपस्थित केला होता. वाङ्मयातील उत्तरवयीन स्त्रीच्या संदर्भात तो आजही उभा आहे.

या दोन्ही नायिका सुस्थितीतील आहेत, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. पहाटे शेतावर जाणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या पन्नाशीतील स्त्रीचा थकवा श्रमाचा किती आणि वयाचा किती, हे तिला स्वतःलाही वेगळे करता येणार नाही. तिच्याविषयी लिहिताना व्यभिचारी आणि स्थायी ही जुनी विभागणी अधिकच अपुरी ठरेल. भारतीय भाषांतील आत्मचरित्रे, ओव्या आणि कथा या दृष्टीने पुन्हा वाचल्या पाहिजेत; आणि एका भाषेतील जागरण दुसऱ्या भाषेत नेताना अनुवादकानेही ते विरहाचे आहे, सेवेचे आहे की नुसत्या देहाचे आहे, याची खातरजमा करूनच शब्द निवडला पाहिजे.