विस्मृतप्राय खेळांची ओळख : स्मृतीची साक्ष आणि पाठचिकित्सेची कसोटी

१

बालपणी खेळलेल्या, परंतु आज नावगाव विसरलेल्या व्हिडिओ-खेळाचा शोध घेणे हा उद्योग प्रथमदर्शनी निव्वळ हौसेचा वाटेल. शोध घेणाऱ्याजवळ सामग्री ती किती? एखादी उडी, एखादा रंग, पाण्यापाशी अडणारी वाट, सुरावटीचा एखादा तुकडा. एवढ्याच्या बळावर तो विचारतो की हा खेळ कोणता. आणि पुष्कळदा त्याला उत्तरही मिळते. परंतु ते उत्तर कोणत्या प्रमाणांवर दिले गेले, ती सर्व प्रमाणे सारख्याच वजनाची आहेत काय, आणि उत्तर चुकल्यास हानी कशाची होते, या प्रश्नांचा विचार क्वचितच केला जातो.

वाङ्मयाच्या अभ्यासकास हे प्रश्न परके नाहीत. मूळ संहिता हाताशी नाही, उपलब्ध साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तरीही निर्णय द्यावयाचा आहे, ही परिस्थिती पाठचिकित्सेच्या नित्य परिचयाची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली व १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच परिस्थितीतून सिद्ध झाली. त्या महान कार्याशी बालखेळांच्या शोधाची तुलना करणे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु तुलना विषयांच्या योग्यतेची नसून प्रमाणांच्या स्वरूपाची आहे. हे साम्य कोठपर्यंत टिकते आणि कोठे तुटते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम साधनांचा विचार करू गेल्यास असे दिसते की, शोधकास नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न, म्हणजे नाव काय, साल कोणते आणि रंगरूप कसे, हेच सर्वांत दुर्बल साक्षीदार आहेत.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ साली जपानात विक्रीस आले. भारतात १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडावयाची जी यंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली, त्यांपैकी पुष्कळशी याच यंत्राच्या नकला होत. त्यांत खुपसावयाच्या खेळपेटीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसून केवळ विद्युत्-मंडलाची पाटी असे. कॅसेटच्या वेष्टनावर हजारो, प्रसंगी लाखो, खेळांची ग्वाही छापलेली असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी, किंवा मधल्याच एखाद्या टप्प्यापासून आरंभ करून, यादीत पुनःपुन्हा येत. कित्येक प्रतींत पहिल्या पडद्यावरील निर्मात्याचे नाव व साल पुसून टाकलेले असे. हस्तलिखितांच्या परिभाषेत बोलावयाचे तर पुष्पिकाच खरवडून काढलेली असे. अशा प्रतीवर वाढलेल्या मुलाला खेळाचे ‘खरे’ नाव आठवत नाही, हा त्याच्या स्मृतीचा दोष मानता येत नाही. जे प्रतीत नव्हते ते स्मृतीत कोठून येणार?

सालाचीही तीच गत आहे. खेळ निर्माण झाल्याचे साल आणि तो खेळला गेल्याचे साल यांत दहा-दहा वर्षांचे अंतर पडलेले आढळते. १९९५ मध्ये खेळलेल्या खेळाचा शोध १९९५ च्या सूचीत घेणारा म्हणूनच बहुधा रिकाम्या हाताने परततो.

रंगाविषयी तर विशेष सावधगिरी हवी. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळाच्या आरंभीच्या पेट्यांत पडदा कृष्णधवल असून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावलेल्या होत्या. म्हणजे खेळणाऱ्यास जो हिरवा रंग आठवतो तो खेळाच्या संहितेत नव्हताच. तो पट्टीत होता. उलटपक्षी, घरच्या कृष्णधवल टीव्हीवर रंगीत खेळ खेळलेल्या मुलाला रंग आठवण्याचा संभवच नाही. संगीताचेही असेच. सेकंदास ६० चित्रांच्या गतीसाठी रचलेला खेळ फेरफार न करता ५० च्या गतीच्या यंत्रावर चालविला, तर तो सुमारे एकषष्ठांशाने मंदावतो आणि बहुधा त्याची सुरावटही त्याबरोबर लांबते. मूळ ऐकून “हे ते नव्हे” असे म्हणणारा मनुष्य अशा वेळी खोटे बोलत नसतो.

३

मग सबळ प्रमाण कोणते? खेळ ही पाहण्यापेक्षा करण्याची वस्तू आहे, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे उत्तर सापडते. खेळाचे नियम, म्हणजे काय केले असता काय घडत असे, हे त्याचे सर्वांत स्थिर अंग होय. रूप बदलले तरी नियम टिकतो. आणि त्याची आठवण डोळ्यांपेक्षा हातात अधिक राहिलेली असते.

१९८६ सालचे ‘वंडर बॉय’ आणि ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हे दोन खेळ पाहावेत. पहिल्यात सोनेरी केसांचा मुलगा आहे, दुसऱ्यात टोपी घातलेला गडी. परंतु फळे खाऊन शक्ती टिकविणे, दगडी कुऱ्हाडी फेकणे, चाकांच्या फळीवरून धावणे, हे सारे दोहोंत समान आहे. कारण दुसरा खेळ हा पहिल्याचेच नायक बदलून केलेले रूप आहे. ‘कॉन्ट्रा’चे उदाहरण याहून बोलके आहे. १९८७ सालचा हा कोनामी कंपनीचा खेळ युरोपातील घरगुती यंत्रांसाठी १९९० मध्ये ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने निघाला, तेव्हा त्यातील मानवी सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले. एकास माणसे आठवतात व दुसऱ्यास यंत्रमानव. तरी दोघेही एकाच खेळाविषयी बोलत आहेत, आणि दोघेही बरोबर आहेत. महाभारताच्या संपादकांनी उत्तर व दक्षिण अशा वाचना मानल्या, त्या प्रकारचाच हा भेद आहे. एकीच्या साहाय्याने दुसरीस खोटी ठरविणे हे चिकित्सेचे काम नव्हे.

यावरून एक सूत्र हाती येते : नियमावरून खेळाचे कुल ठरते, रूपावरून ठरते ती फार तर शाखा.

परंतु या सूत्रास पूरक असे दुसरेही सूत्र आहे, आणि ते अधिक नाजूक आहे. पाठचिकित्सेत कठीण पाठास विशेष मान दिला जातो; कारण लेखक सोप्याचे अवघड सहसा करीत नाही, अवघडाचे सोपे करतो. बालस्मृतीतही जो तपशील विसंगत व अडचणीचा वाटतो, तोच पुष्कळदा मोलाचा ठरतो. महाराष्ट्रातील मुले ज्याला नुसते ‘टँक’ म्हणत, तो खेळ म्हणजे नामको कंपनीचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. विटांच्या कोटात बसलेल्या गरुडचिन्हाचे रक्षण करावयाचे, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे संपवावयाचे, आणि आपलीच गोळी गरुडास लागली तर डाव संपावयाचा, असा त्याचा नियम. या खेळात रणगाड्यास पाणी ओलांडता येत नाही. आता एखाद्यास आपण पाणी ओलांडत असू असे स्पष्ट आठवते, तर काय म्हणावे? मूळ खेळ जाणणारा हा भ्रम मानून मोकळा होईल. परंतु ‘टँक १९९०’ या नावाने फिरणाऱ्या, मुळात फेरफार केलेल्या प्रतीत नाव मिळाल्यावर रणगाडा पाण्यावरून जाऊ शकतो. म्हणजे जो तपशील चुकीचा म्हणून टाकावयाचा, तोच त्या मुलाच्या हाती कोणती प्रत होती हे सांगणारा एकमेव साक्षीदार ठरतो. शिवाय त्या नावातील आकड्यावरून मूळ खेळाचा काळ ठरवू जाणारा पाच वर्षांनी चुकेल, हेही लक्षात ठेवावयास हवे.

४

येथपर्यंत पाठचिकित्सेचे साम्य उपयोगी पडते. पुढे मात्र ते तुटते, आणि ते जेथे तुटते तेथेच या विषयाचे खरे मर्म आहे. हस्तलिखित वाचल्याने बदलत नाही. स्मृती विचारल्याने बदलते.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ एफ. सी. बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांकडून पुनःपुन्हा सांगवून घेतली आहे. कथनागणिक अपरिचित भाग गळत गेले व परिचितांनी त्यांची जागा घेतली. आदिवासींच्या डोंगीची साधी होडी झाली. स्मरण ही साठवण नसून प्रत्येक वेळची नवी रचना आहे, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या प्रयोगाने त्यापुढील पायरी दाखविली. मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखवून काहींना गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर काहींना ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाच्या शब्दाने विचारले. आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली काय, या प्रश्नास पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी, तर दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी होकार दिला. चित्रपटात फुटलेली काच नव्हतीच.

या निष्कर्षांच्या प्रकाशात आजची शोधाची प्रचलित रीत तपासली, म्हणजे तिचा दोष उघड होतो. शोधकाने दोन वाक्ये सांगताच त्याच्यापुढे चित्रे ठेवली जातात. हा आहे काय, तो आहे काय, असे विचारले जाते. जवळपासच्या एखाद्या चित्राला तो होकार देतो, आणि त्या क्षणापासून त्याची मूळ आठवण त्या चित्राच्या रंगात बुडते. यानंतर तो जी साक्ष देईल ती स्मृतीची नसून चित्राची असते. म्हणून चित्र दाखविण्यापूर्वी आठवण आहे तशी, तिच्या विसंगतींसह, लिहून घ्यावी, आणि नियमांविषयी प्रथम व रूपाविषयी शेवटी विचारावे, हा क्रम केवळ सोयीचा नाही. त्याच्या अभावी साक्षच नष्ट होते. ‘ओळखले’ हा आनंदाचा उद्गार हे तर प्रमाण नव्हेच. जुन्या यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या प्रणालींमुळे मूळ खेळ आज संगणकावर चालविता येतो. तेव्हा खरी परीक्षा हातानेच घ्यावी. पुढच्या वळणावर काय येणार हे पडद्यावर येण्यापूर्वी सांगता आले, तरच ओळख पटली असे म्हणावे.

५

येथे असा आक्षेप संभवतो की, स्मृती इतकी दुबळी असेल तर तिच्यावर विसंबावेच कशाला? या आक्षेपास दोन प्रकरणे मिळून उत्तर देतात. १९८१ साली अमेरिकेतील पोर्टलँड शहरात ‘पॉलिबियस’ नावाचा एक विलक्षण खेळ काही काळ दिसून नाहीसा झाला, अशी कथा आहे. तो स्वतः खेळल्याचे सांगणारेही निघाले. परंतु त्या काळचा एकही कागद, यंत्र किंवा जाहिरात पुढे आलेली नाही. कथेचा लिखित आढळ होतो तो सुमारे दोन दशकांनंतर. म्हणजे अनेकांची एकवाक्यता हे स्वतंत्र प्रमाण नव्हे. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा प्रतींचे मत एकच धरावे लागते.

दुसरे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. अटारी कंपनीने १९८३ साली न विकलेल्या खेळपेट्या न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो येथे पुरल्या, ही वार्ता पुढे अनेकांनी दंतकथाच मानली. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि पेट्या सापडल्या. मात्र लोकस्मृतीत केवळ ‘ई. टी.’ या एकाच खेळाची दफनभूमी उरली होती. निघाले ते अनेक निरनिराळे खेळ. गाभा खरा व तपशील सरळ केलेला, हे स्मृतीचे स्वाभाविक रूप येथे स्वच्छ दिसते. सारांश, स्मृतीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा प्रश्नच अपुरा आहे; तिच्यातील कोणत्या भागावर किती, असा तो विचारला पाहिजे.

६

हा विषय क्षुल्लक नाही याचे कारण आता सांगता येईल. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ विक्रीत उपलब्ध नसल्याचे दिसून आले. जे अधिकृतपणे निघाले त्यांची ही स्थिती. मग नाव पुसलेल्या, फेरफार केलेल्या आणि कोणत्याही कंपनीने आपल्या म्हणून न सांगितलेल्या प्रतींची चिंता कोण वाहणार? तथापि भारतातील एका पिढीने खेळलेले खेळ पुष्कळ अंशी याच प्रतींतले होते. त्यांची सूची करताना प्रत्येकास मूळ जपानी वा अमेरिकी नाव चिकटवून प्रकरण मिटविले, तर सूची शुद्ध होईल, परंतु इतिहास अशुद्ध होईल. पाणी ओलांडणारा रणगाडा त्या सूचीत असणार नाही, आणि तो आठवणारा मनुष्य कायमचा चुकीचा ठरेल.

म्हणून या क्षेत्रातील सूचिकारांकडून दोन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त होईल. नकल ही स्वतंत्र वाचना मानून तिची स्वतंत्र नोंद करावी. आणि जेथे प्रमाण पुरेसे नाही तेथे ‘अनिर्णित’ असे लिहिण्यास कचरू नये. चुकीचे नाव शोध संपविते. नाव न देणे तो चालू ठेवते. चिकित्सक आवृत्तीचा संपादक संशयित पाठाखाली नागमोडी रेघ ओढतो आणि पुढे जातो. ती रेघ पराभवाची खूण नसते. पुढे येणाऱ्या अभ्यासकासाठी ठेवलेली ती जागा असते. बालपणीच्या खेळांच्या शोधातही अशी जागा राखली गेली पाहिजे.