पाठीवरचा चिखल

थ्यूसिडिडीझच्या अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या इतिहासाचं चौथं पुस्तक हाती घेतलं की मी आधी पायलॉसच्या भूशिरावर जातो. इ. स. पू. ४२५. सिसिलीकडे निघालेलं अथेन्सचं आरमार वादळामुळे या खडकाळ, ओसाड टोकापाशी अडकतं. डेमोस्थेनीस (प्रसिद्ध वक्ता नव्हे, त्याच्या आधीचा सेनानी) म्हणतो, इथे तटबंदी घालू. शेजारी बंदर आहे, स्पार्टाही फार लांब नाही. बाकीचे सेनापती टर उडवतात: शहराचा पैसा उधळायचाच तर अशी ओसाड टोकं या किनाऱ्यावर ढिगानं पडलीत.

काम होतं ते कंटाळ्यामुळे! वारा पडेना, तेव्हा रिकामे बसलेले सैनिक आपणहून भिंत रचू लागतात. पाथरवटाची हत्यारं नाहीत. मग जो दगड जिथे बसेल तिथे बसवायचा. घमेली नाहीत; मग चिखल पाठीवर. पुढे वाकायचं, दोन्ही हात मागे नेऊन बोटं गुंफायची, म्हणजे चिखल घसरत नाही. एरवी विशेषणांतही काटकसर करणारा हा लेखक त्या गुंफलेल्या हातांसाठी थांबतो. मला हे पान त्याच्या गाजलेल्या भाषणांहून मोठं वाटतं. सहा दिवसांत टोक लढण्याजोगं होतं.

पुढे स्पार्टाचे लोक, जमिनीवरचे बादशहा, आपल्याच भूमीवर समुद्राकडून चाल करून येतात आणि दर्यावर्दी अथेन्स त्यांना किनाऱ्यावरून परतवतं. ही उलटापालट लेखक स्वतःच नोंदवतो. स्पार्टाचा ब्रॅसिडस ओरडतो, गलबतं फुटली तरी चालतील, किनाऱ्याला भिडवा! जखमांनी तो बेशुद्ध पडतो आणि हातातली ढाल समुद्रात घसरते. लाटा ती अथेन्सकडे आणून देतात. याच ब्रॅसिडसपासून पुढच्या वर्षी अँफिपोलिस शहर वाचवता आलं नाही, म्हणून तेव्हा अथेन्सचा सेनापती असलेल्या थ्यूसिडिडीझला वीस वर्षं हद्दपारी भोगावी लागली. तरी इथे ब्रॅसिडसविषयी एक कडवट शब्द नाही.

शेवटी समोरच्या स्फॅक्टेरिया बेटावर अडकलेल्या स्पार्टाच्या ४२० जणांपैकी २९२ जिवंत अथेन्सच्या हाती लागले. स्पार्टाचे योद्धे शरण येतात, हे ग्रीसला खरं वाटेना.

त्या विजयाच्या लुटीतली एक काशाची ढाल १९३६ साली अथेन्सच्या अगोरात सापडली. आज ती तिथल्याच संग्रहालयात आहे, चेपलेली, गंजलेली. अथेन्सवाल्यांनी लॅकेडेमोनियनांकडून (म्हणजे स्पार्टावाल्यांकडून) पायलॉसहून आणली, एवढीच अक्षरं तिच्यावर ठोकलेली आहेत.