‘संपूर्ण गोष्ट’ आणि मासिकाची पाने

मराठी कथेच्या इतिहासात कालखंडांना नियतकालिकांची नावे देण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. हरिभाऊ आपट्यांचा ‘करमणूक’ काळ, त्यामागून ‘मनोरंजन’ काळ आणि मग ‘रत्नाकर’-‘यशवंत’ यांचा काळ, ही वाटणी विद्यार्थ्यांच्या टिपणवहीपर्यंत जाऊन पोहोचली आहे. मात्र ज्या मासिकाच्या नावाने कथेचा एक सबंध कालखंड ओळखला जातो, त्याचे अंक क्वचितच कोणी उघडून पाहतो. ‘मनोरंजन’ काळातील कथा रंजनप्रधान, योगायोगावर विसंबणारी आणि पृष्ठभागावरच रमणारी होती, हा निर्णय एका इतिहासग्रंथातून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरत आला आहे. तो सर्वस्वी अन्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचा आधार आहे तो मागाहून निघालेले कथासंग्रह आणि पुढील पिढीने तंत्राविषयी बांधलेल्या कल्पना यांचा. ती कथा मासिकाच्या पानावर कोणते कार्य करीत होती, हा प्रश्न त्यात फारसा विचारलाच गेलेला नाही.

‘मासिक मनोरंजन’ मुंबईत १८९५ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांना बंगाली भाषेची आणि वाङ्मयाची इतकी ओढ होती, की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव धारण केले आणि पुढे तेच त्यांचे नाव होऊन बसले. १९२० साली त्यांचे निधन झाले. मासिक १९३५ पर्यंत चालले. ‘विविधज्ञानविस्तारा’सारखी भारदस्त ज्ञानलालसा त्याच्या ठायी नव्हती, आणि नावावरूनच स्पष्ट होते की तशी प्रतिज्ञाही नव्हती. बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्या कविता त्यात येत, आणि आनंदीबाई शिर्के यांच्यासारख्या लेखिकांना त्यात स्थान मिळे. घरातील सुशिक्षित स्त्री हा आपला वाचक आहे, हे मित्रांनी इतर अनेक संपादकांच्या आधी ओळखले होते.

या मासिकाने कथेला काय दिले, हे समजण्यासाठी एका साध्या शब्दाकडे पाहावे लागते. ‘स्फुट गोष्ट’, ‘संपूर्ण गोष्ट’, ‘लघुकथा’ अशी मराठीतील संज्ञांची परंपरा सांगितली जाते. यांतील पहिली आणि तिसरी संज्ञा टीकाकाराच्या तोंडी शोभते. मधली मात्र थेट अनुक्रमणिकेतून उठून आल्यासारखी वाटते. हरिभाऊंचे ‘करमणूक’ १८९० साली निघाले ते साप्ताहिक म्हणून. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमश: आली. आठवड्याची प्रतीक्षा वाचकाला सोसते, किंबहुना तिची त्याला चटक लागते. त्यामुळे हरिभाऊंची ‘स्फुट’ म्हणविणारी गोष्टदेखील हप्त्याहप्त्याने पसरत जाई आणि तिचा पिंड कादंबरीचाच राही. मासिकाची गोष्ट वेगळी आहे. तीस दिवसांनंतर हाती येणाऱ्या अंकात मागील धागा पकडणे अवघड जाते. त्यातही ज्याच्या हाती एखादाच अंक पडला आहे, त्याला ‘अपूर्ण’ हा शब्द फसवणुकीसारखा वाटल्यास नवल नाही. १९०९ साली ‘मनोरंजना’ने दिवाळी अंक काढला आणि मराठीतील एका वार्षिक संस्थेचा आरंभ झाला. दिवाळी अंक हा स्वत:पुरता पुरा असावा लागतो. ‘संपूर्ण गोष्ट’ ही अशा ग्राहकाला दिलेली हमी होती. एका बैठकीत आरंभ, गुंतागुंत आणि उलगडा पुरा करणारी कथा मराठीत स्थिरावली, तिचे बरेचसे श्रेय या व्यावहारिक हमीकडे जाते. पुढे तंत्राचे शास्त्र रचणाऱ्यांनी एकपरिणामित्वाची जी थोरवी गाइली, तिची वाट एका संपादकाच्या व्यवहारदृष्टीने आधीच मोकळी करून ठेवली होती.

या संपूर्ण गोष्टीचे प्रमुख शिल्पकार म्हणजे वि. सी. गुर्जर (१८८५–१९६२). त्यांच्यावर प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथांचा दाट ठसा आहे, हे सर्वमान्य आहे. ही गोष्ट बहुधा किंचित कमीपणाच्या सुरात सांगितली जाते. वस्तुत: प्रभातकुमार हेही नियतकालिकांच्याच पानांवर वाढलेले लेखक, ‘मानसी ओ मर्मवाणी’चे ते संपादकही होते. म्हणजे कलकत्त्याच्या मासिकातील गोष्ट मुंबईच्या मासिकात येत होती, आणि सारख्याच लांबीच्या, सारख्याच वाचकासाठी राखलेल्या जागेत ती बेताची बसत होती. भारतीय भाषांमधील देवघेवीचा विचार आपण बहुधा थोर ग्रंथांच्या भाषांतरांवरून करतो. रोजची देवघेव मात्र या दुय्यम मानलेल्या पानांवरून चालली होती, आणि तिची नोंद ग्रंथांच्या यादीत सापडणार नाही.

योगायोगाच्या आक्षेपाचाही थोडा पुनर्विचार व्हावयास हवा. गैरसमज, चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेले पत्र, आगगाडीतील अकस्मात भेट, नावांची अदलाबदल, अशा साधनांवर ही कथा उभी असते. आज ती साधने कृत्रिम वाटतात. पण ज्या समाजात अपरिचित तरुण-तरुणींना चार शब्द बोलण्याची सोयच नव्हती, तेथे लेखकाने त्यांची गाठ घालावी तरी कशी? समाज जे घडू देत नव्हता, ते योगायोगाला घडवावे लागे. नायक-नायिकेचे बोलणे सुरू झाले, की गुर्जरांची लेखणी मोकळी होते आणि संवादाला खेळकर, घरगुती लय येते. हे त्यांचे अस्सल धन आहे. मात्र त्यांची कथा अडचण निर्माण करते ती सोडविण्यासाठीच. वडिलांचा विरोध, जातीचे वा द्रव्याचे अंतर यांतील खरी बोच लागण्यापूर्वीच उलगडा होऊन जातो. शेकडो गोष्टी लिहिणाऱ्या लेखकाच्या ठायी हा साचा घट्ट होत गेला, आणि त्यांतील कितीतरी गोष्टी दुसऱ्या वाचनाला टिकत नाहीत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘मनोरंजन’ म्हणजे केवळ गुर्जर नव्हेत. दिवाकर कृष्ण यांची ‘अंगणातला पोपट’ ही कथा १९२२ साली याच मासिकात आली. बाह्य घटनांचा खटाटोप बाजूला ठेवून मनाच्या आतील हळवी व्यथा उकलणारी ही कथा मराठी कथेच्या वळणाची खूण मानली जाते. पुढे हैदराबादेत वकिली केलेल्या या लेखकाचा ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह निघाला तो १९२७ साली. तोवर ‘रत्नाकर’ सुरू झालेले होते. संग्रहाचे वर्ष प्रमाण धरले, की दिवाकर कृष्ण नव्या युगात जाऊन पडतात आणि जुने युग आपोआप एकसुरी ठरते. मासिकाची फाइल उघडली, तर जिला बदलाचे वारे लागले नाही असे समजले जाते त्याच मासिकाच्या छायेत हा बदल घडलेला दिसतो. ना. सी. फडके यांची पहिली कथा ‘मेणाचा ठसा’ हीदेखील १९१२ साली आली ती ‘केरळकोकिळा’त. कोचीनला जन्मलेल्या या मराठी मासिकाचा कथेच्या कालखंडांत कोठे उल्लेखही होत नाही.

‘ज्ञानप्रसारक’ आणि ‘विविधज्ञानविस्तार’ यांना वा. ल. कुळकर्णी यांच्यासारखा साक्षेपी अभ्यासक लाभला. लोकप्रिय मासिकांचे भाग्य तितके थोर नाही, आणि त्यांच्या फायलींची अवस्थाही निराळी असते. वर्षाचे अंक एकत्र बांधताना ग्रंथालयांतून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने पुष्कळदा काढून टाकली जात. गंभीर निबंधाचे त्यावाचून फारसे अडत नाही. पण औषधे, साबण आणि शिवणयंत्रे यांच्या शेजारी वाचल्या गेलेल्या गोष्टीचा वाचक कोण होता, हे सांगणारी साक्ष बांधणीवाल्याच्या कात्रीखाली गेली.

गुर्जरांचे नाव आज ऐकू येते ते बहुधा गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील पदांच्या निमित्ताने. ती पदे गुर्जरांची आहेत हे गाणाऱ्यांना ठाऊक असते. त्यांच्या संपूर्ण गोष्टींपैकी एखादीचे नाव विचारले, तर मात्र बहुतेकांना थांबावे लागते.