‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि अमेरिकेतील यादवी युद्ध

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांस, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल, अर्पण केला. या अर्पणपत्रिकेचा गौरव यथार्थच आहे; तथापि तिची चिकित्साही तितकीच आवश्यक आहे.

अर्पणपत्रिकेतील चित्र निःस्वार्थ परोपकाराचे आहे. प्रत्यक्ष इतिहास अधिक गुंतागुंतीचा दिसतो. नव्या प्रदेशांत गुलामपद्धतीस वाव द्यावा की नाही, हा वाद १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने चिघळला. १८६० मध्ये लिंकन निवडून येताच दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले आणि एप्रिल १८६१ मध्ये युद्धास तोंड लागले. संघराज्याचे रक्षण हाच लिंकनचा आरंभीचा घोषित हेतू होता. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही बंडखोर प्रदेशांपुरताच मर्यादित होता. देशभर दास्य संपले ते डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने. दरम्यान हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत आले आणि सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात दाखल झाले. तात्पर्य, मुक्ती ही केवळ देणगी नव्हती. तीत गुलामांचा स्वतःचा पुरुषार्थही होता.

म्हणून अर्पणपत्रिका इतिहासकथन या दृष्टीने एकांगी ठरते. आवाहन या दृष्टीने मात्र ती समर्थ आहे. परक्यांचा आदर्श पुढे ठेवून फुले स्वदेशीयांच्या विवेकास जागे करू पाहतात. शिवाय तिची उणीव ग्रंथाच्या अंतरंगातच भरून निघते. जोतीराव-धोंडीबा संवादात धोंडीबा शंका विचारीत जातो आणि आपल्या दास्याची कारणे त्यास उमगत जातात. मुक्तीचा आरंभ येथे दात्याच्या करुणेत नसून दासाच्या जाणिवेत आहे.

या विचाराची कसोटी पुढे कोकणातच लागली. रोहा, धाटाव ही गावे ज्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील, त्याच जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे १९३३ मध्ये कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसणे थांबविले. उपासमार सोसून त्यांनी हा संप सुमारे सहा वर्षे चालविला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. कुळाची अवस्था आणि अमेरिकन गुलामाची अवस्था एक नव्हे. परंतु कायद्यापूर्वी पीडितांचा नकार उभा राहतो, हा क्रम उभयत्र सारखाच आहे. ‘गुलामगिरी’चे वाचन अर्पणपत्रिकेपाशी थांबल्यास हा क्रम दृष्टीआड होतो.